चरित्र वाचावं तर दुसऱ्याचं

आमेरच्या किल्ल्यात मराठी माणूस शिरतो तो पुरंदरच्या दरवाज्यानं. जयपूरपासून अकरा किलोमीटरवरचा हा राजवाडा बघायला येणाऱ्या बाकीच्या जगाला हत्ती, आरसे आणि थंड सरबत पुरतं. आपल्या मंडळींना तिथं एक जुना हिशेब बघायचा असतो. गाइड शीशमहलाच्या छताकडं बोट दाखवून 'मुघल-ए-आझम'चं गाणं इथंच चित्रित झालं असं ठोकून देत असतो (ते झालं अंधेरीत, मोहन स्टुडिओत उभारलेल्या सेटवर), आणि घोळक्यातले एखादे काका मध्येच विचारतात, "ते सगळं ठीक आहे हो, पण मिर्झाराजे नेमके कुठं बसायचे?" गाइड गोंधळतो. त्याचा मिर्झाराजा जयसिंह म्हणजे पोरवयात गादीवर बसलेला, 1621 ते 1667 अशी 46 वर्षं राज्य केलेला, तीन बादशहांची चाकरी करून बल्ख-कंदाहारपर्यंत तलवार चालवून आलेला, हे आरसे भिंतींवर बसवणारा राजा. काकांचा मिर्झाराजा 1665 साली दिलेरखानाला घेऊन दख्खनेत उतरतो, पुरंदरला वेढा घालतो, तहात 23 किल्ले घेतो, शिवाजी महाराजांना आग्र्याला धाडतो आणि बुऱ्हाणपुरात मरतो. सगळा कारभार पन्नासेक पानांत आटोपतो. आता या दोघांत खरा कोण असं विचारलं, तर इतिहासाची पदवी घेतलेला माणूस गाइडच्या बाजूनं कौल देईल. मी काकांच्या बाजूचा आहे. माणूस समजून घ्यायचा तर त्याचं स्वतःचं चरित्र वाचू नये. तो दुसऱ्याच्या चरित्रात पाहुणा म्हणून येतो तिथं त्याला गाठावं, असं माझं म्हणणं आहे, आणि त्याला पुरावा आमेरच्याच दप्तरात सापडतो.

आधी चरित्रनायक या प्राण्याची अवस्था बघू. मराठी चरित्रनायकाला अपचन, कर्ज आणि कंटाळा या तीन गोष्टींची सक्त मनाई असते. त्याचे वडील करारी पण आतून प्रेमळ असतात, आई सोशिक असते, आणि लहानपणी घरात दिवा असला तरी तो अभ्यासाला रस्त्यावरच्या दिव्याखालीच जातो. लग्न होतं, त्याला एक परिच्छेद. पत्नीची मोलाची साथ मिळते, तिला एक ओळ. मग कार्य सुरू होतं आणि ते दोनशे पानं थांबत नाही. मध्ये विरोधक येतात. त्यांना नावं नसतात, ते 'काही असंतुष्ट मंडळी' असतात. साठाव्या वर्षी गौरवग्रंथ, ऐंशीनंतर सहस्रचंद्रदर्शन आणि त्या दोन्हींतला मजकूर एकत्र करून, कुटुंबीयांच्या सौजन्यानं छापलेलं चरित्र. राजांच्या बाबतीत हेच काम पगारी होत असे. मिर्झाराजाच्या पदरी 'सतसई'कार बिहारी होता. नव्या राणीच्या महालातून राजा बाहेर पडेना तेव्हा त्याच्या एका दोह्यानं तो बाहेर आला, आणि पुढं दर दोह्याला एक सोन्याची मोहोर ठरली, अशी आख्यायिका आहे. 'सतसई'त सातशेच्या वर दोहे आहेत. बिहारी अव्वल कवी, त्याबद्दल वाद नाही; पण सातशे मोहोरांचा धनी आपल्या मालकाला पोटदुखी होती असं लिहिणार नाही. लग्नाच्या फोटोत नवरा-नवरी अशी बसतात की त्यांना ओळखणं कठीण जावं. खरा चेहरा दिसतो तो मागच्या पंगतीत जिलबीवर लक्ष ठेवून बसलेल्या पाहुण्याचा, कारण आपण फोटोत आहोत हे त्याच्या गावीच नसतं.

मिर्झाराजा अशा पाहुण्याच्या रूपात पहिल्यांदा भेटतो तो सभासदाच्या बखरीत. कृष्णाजी अनंत सभासदानं ही बखर 1697 साली जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. विषय थोरले महाराज, त्यामुळं जयसिंहाला सजवण्याची त्याला काही गरज नव्हती. आणि सभासद सांगतो काय, तर मोहिमेवर निघालेला हा मुरलेला सेनापती धास्तावलेला होता. अफजलखानाचं काय झालं, शाहिस्तेखानाची बोटं कशी गेली, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं अनुष्ठान मांडलं. कोटिचंडी, शिवलिंगं, चारशे ब्राह्मण, त्यासाठी बाजूला काढून ठेवलेले दोन कोटी रुपये आणि तीन महिने चाललेला जप. रकमेत बखरकाराचा हात सढळ असेल. दोन कोटीतली काही शून्यं दक्षिणेच्या आशेनं शिरली असतील. पण साठीकडं झुकलेला, पन्नास लढाया बघितलेला माणूस तोफा निघण्याआधी भटजी बोलावतो, यात जो जिवंतपणा आहे तो आमेरच्या कुठल्या प्रशस्तीत नाही. शत्रूकडच्या लेखकानं त्याला घाबरू दिलं आणि तेवढ्यानं तो माणसात आला. यावर कुणी म्हणेल, त्याची स्वतःची पत्रं आहेत ना? आहेत. त्याचा मुनशी उदयराज यानं ती फार्सी पत्रं 'हफ्त अंजुमन' या संग्रहात जपून ठेवली आहेत. महाराज आग्र्याहून निसटल्यावर, बादशहाचा संशय आमेरकरांवर आल्यावर, याच जयसिंहानं वजिराला लिहिलं की शिवाजीला पकडायला मी त्याच्या मुलीशी माझ्या मुलाच्या सोयरिकीची बोलणी लावायलाही तयार आहे, मग त्याचं कूळ आमच्या बरोबरीचं नसलं तरी चालेल. मुलीकडच्यांना बैठकीला बोलवायचं आणि कैद करायचं! सोयरिकीचा असा उपयोग एरवी फक्त मराठी नाटकांत झाला. पण हे पत्र काही आत्मचरित्र म्हणून लिहिलेलं नव्हतं. ते नोकरी वाचवण्यासाठी लिहिलेलं होतं, वाचणारा एकच होता, आणि साडेतीनशे वर्षांनी आपण त्याच्या खांद्यावरून डोकावू याची लिहिणाऱ्याला कल्पना नव्हती. माणूस बेसावध असला की तो स्वतःच्या पत्रातही पाहुणा असतो.

उलट बाजूनं बघितलं तरी हेच निघतं. महाराजांची वर्णनं आपल्याकडं काही कमी नाहीत. पोवाड्यांत, बखरीत, कादंबऱ्यांत, शाळेच्या भिंतीवर ती आहेत. पण 1666 च्या उन्हाळ्यात महाराज आग्र्यात असताना त्यांना रोज जवळून बघत होते ते आमेरचे नोकर. जयसिंहाचा मुलगा रामसिंह तिथं होता, पाहुण्यांची जबाबदारी त्याच्या गळ्यात होती, आणि त्याच्या दिमतीला असलेला परकालदास आमेरच्या दिवाणाला, कल्याणदासाला, राजस्थानी बोलीत खबरा पाठवत होता. ही पत्रं जयपूरच्या दप्तरात पडून राहिली. जदुनाथ सरकार आणि रघुबीरसिंह यांनी 1963 साली ती पुस्तकरूपानं बाहेर काढली. परकालदास ना शाहीर, ना भक्त, ना वैरी. तो खबर पाठवणारा पगारी माणूस. त्यानं मोजणी केल्यासारखं सगळं नोंदलंय: बरोबर माणसं किती, निशाणाचा रंग कोणता, पुढं हत्ती कसा चालतो, पालखीला चांदीचा पत्रा आहे की नाही. आणि त्यातच लिहून जातो की हा माणूस अंगानं बारीक, उंचीनं बेताचा, पण वर्णानं विलक्षण गोरा, आणि कोण आहे हे न सांगताही राजा आहे हे कळावं असा. दप्तरी भाषेत लिहिणाऱ्या कारकुनाला जे तेज दिसलं त्याचं वजन शंभर पोवाड्यांइतकं आहे. पोवाड्यात ते दिसणं भागच असतं, खबरेत ते लिहायचे पैसे मिळत नाहीत. 1857 च्या धामधुमीत झाशीत अडकलेल्या गोडसे भटजींचंही तेच. वरसईचे हे गृहस्थ उत्तरेत गेले ते दक्षिणा मिळवून कर्ज फेडायला. 'माझा प्रवास' हे त्यांच्या मिळकतीचं आणि लुबाडले गेल्याचं पुस्तक. त्यात झाशीची राणी येते, काल्पीच्या वाटेवर पुरुषवेशात, घोड्यावर, तहानेनं व्याकूळ. भटजी विहिरीतून पाणी काढायला सरसावतात, तर ती विद्वान ब्राह्मणाला कष्ट नकोत म्हणून मडकं स्वतः घेऊन पाणी शेंदते. एवढंच. राणीवर झालेल्या सगळ्या महाकाव्यांना मिळून त्या विहिरीची सर नाही.

इथं पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. पाहुणा म्हणून आलेला माणूस लिहिणाऱ्याच्या हातात असतो. लिहिणाराच थापाड्या असला तर? निकोलाओ मनुची या व्हेनिसच्या पठ्ठ्याकडं बघा. हा जयसिंहाच्या तोफखान्यात दख्खनेत होता. पुढं म्हातारपणी त्यानं 'स्तोरिया दो मोगोर' नावाचा भलाथोरला ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की एका रात्री छावणीत मी राजा जयसिंहाबरोबर पत्ते खेळत बसलो होतो, इतक्यात शिवाजी आत आला, आणि माझं देखणं रूप बघून त्यानं विचारलं, हा कुठल्या मुलखाचा राजा? जयसिंहानं सांगितलं, फिरंग्यांचा. वाचकहो, सव्वाशे मोहिमांची दगदग, 23 किल्ल्यांचा सौदा, जिवाची बाजी, आणि महाराजांना प्रश्न पडला तो मनुचीच्या नाकाडोळ्यांचा! आत्मचरित्रकार हा असा असतो. इतिहास त्याच्या दारावरून जात असला तर तो इतिहासाला आत बोलावून आरसा धरायला लावतो. पण आक्षेपाचं उत्तरही याच प्रसंगात आहे. मनुची खोटं बोलतो ते स्वतःबद्दल. जिथं 'मी' आहे ते वाक्य खुशाल खोडावं. खोडून उरतं काय, तर रात्री तंबूत पत्ते खेळणारा जयसिंह. ते पत्ते मनुचीला कुणाला दाखवायचे नव्हते, ते त्याच्या देखणेपणाच्या गोष्टीत फक्त सामान म्हणून आले. आता सभासदाचं अनुष्ठान आणि मनुचीचे पत्ते शेजारी ठेवून बघा. सकाळी कोटिचंडीचा संकल्प सोडायचा, संध्याकाळी फिरंगी गोलंदाजाबरोबर डाव मांडायचा, आणि मधल्या वेळात वेढा चालवायचा. दोन लेखकांनी एकमेकांना न विचारता मिर्झाराजाचा एक दिवस लिहून ठेवलाय. त्याच्या अधिकृत चरित्रकाराला पत्ते चालले नसते, आणि आमच्या कादंबरीकारांना संध्याकाळी मोकळा बसलेला शत्रू परवडत नाही.

दुसरा आक्षेप असा की दुसऱ्याच्या चरित्रात माणूस बहुधा खलनायक म्हणूनच जातो. जयसिंहाचा पणजोबा मानसिंह घ्या. राणा प्रतापाच्या कुठल्याही चरित्रात तो हळदीघाटीपुरता, 1576 साली, हत्तीवर बसून येतो आणि वाचकांचे शिव्याशाप घेऊन जातो. कबूल. पण खलनायक हा पाहुणा नव्हेच. तो नायकाइतकाच पूर्णवेळ नोकर असतो, दोघांचा पगार एकाच तिजोरीतून निघतो. नायक जितका उंच तितका हा बुटका करावा लागतो. मानसिंहाला भेटायचं तर प्रतापाचं चरित्र मिटून 'तुझुक-ए-जहांगिरी' उघडावं. जहांगीर हा नात्यानं आमेरचा जावई; मानसिंहाची बहीण त्याची पहिली राणी. मेहुणा म्हातारा, जड, दरबारात वजनदार, आणि वर भाच्याला म्हणजे खुस्रूला गादीवर बसवायच्या खटपटीत गुंतलेला. जहांगीर त्याला राज्यातला जुनाट लांडगा म्हणतो. मग लिहितो की मानसिंह भेटीला आला, शंभर हत्ती-हत्तिणींची नजर आणली, पण माझ्या खास हत्तींत दाखल करावा असा त्यांत एकसुद्धा निघाला नाही! हिंदुस्थानचा बादशहा झाला म्हणून जावईपण सुटत नाही. शंभर हत्ती दारात उभे करा, तो सोंडा तपासणारच. या दोन ओळींत मानसिंहाच्या उतारवयाची सगळी अडचण आली: बहिणीच्या सासरच्या ज्या माणसाला आपल्या खांद्यावर मोठं केलं त्याच्यापुढं हत्ती घेऊन उभं राहायचं आणि त्यानं नाक मुरडलेलं बघायचं. आमेरच्या देवळातली शिलादेवी मानसिंहानं बंगालमधून आणली, तिच्यासमोर त्याचे पराक्रम सांगणारे पुष्कळ भेटतील. हत्तींचं कुणी सांगत नाही.

विसाव्या शतकात आलो की राजेरजवाड्यांनी स्वतःच लिहायला घेतलं, म्हणजे कुणीतरी लिहून दिलं. जयपूरच्या राजमाता गायत्रीदेवींच्या इंग्रजी आठवणी सांता रामा राव यांच्या सहकार्यानं 1976 साली बाहेर आल्या. तोपर्यंत आणीबाणीत त्या तिहारची हवा खाऊन आल्या होत्या, आणि त्याच सुमारास आमेरच्या माथ्यावरच्या जयगडात सरकार खजिन्यासाठी खणत होतं. दोन्हीकडं उत्सुकता सारखीच. खजिना सापडल्याचं सरकारनं जाहीर केलं नाही. पुस्तकात मात्र सापडतो, फक्त जिच्या नावानं पुस्तक आहे तिच्यापाशी नाही. गायत्रीदेवींचं स्वतःविषयीचं लेखन नेटकं, घरंदाज, घोड्यांनी आणि पोलोच्या सामन्यांनी भरलेलं. पुस्तक खाऊन टाकते ती त्यांची आई, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी इंदिराराजे. तिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं. 1911 च्या दिल्ली दरबारात ती कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांच्या प्रेमात पडते, आणि ग्वाल्हेरला परस्पर पत्र टाकून लग्न मोडते. ग्वाल्हेरकरांची तार सयाजीरावांच्या हातात पडते: राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय? त्याच दरबारात सयाजीरावांनी बादशहाला धड मुजरा न करता पाठ फिरवली म्हणून इंग्रज खवळलेले. सयाजीरावांच्या चरित्रांतून या मुजऱ्याची चर्चा पानोपानी चालते. कुणी त्यात देशभक्ती बघतो, कुणी गैरसमज. त्या आठवड्यात त्यांच्या घरात काय पेटलं होतं हे कळायला नातीचं पुस्तक लागतं. मुलीनं मोडलेली सोयरीक डोक्यात असलेल्या बापाच्या पावलांचं गणित चुकणं किती सोपं, असं मला त्यानंतर वाटू लागलं. याला पुरावा नाही, एवढं सांगून ठेवतो.

याच इंदिराराजेंचा आणखी एक पत्ता इटलीतला आहे. साल्वातोरे फेरागामो या चांभारानं, म्हणजे पुढं जगभर गाजलेल्या पादत्राणकारानं, 1957 साली आत्मचरित्र लिहिलं. त्यात कूचबिहारची महाराणी गिऱ्हाईक म्हणून येते: शंभर जोडांची ऑर्डर देणारी, आणि बुटांना लावायला आपलेच हिरेमोती पाठवणारी. बडोद्याच्या राजवाड्यात शिकलेली ही मराठी मुलगी फ्लॉरेन्सच्या दुकानात पाय पुढं करून बसली आहे, आणि कारागीर तिच्या घोट्याचं माप घेतोय. त्याला गायकवाड घराण्याची वंशावळ ठाऊक असायचं कारण नाही. त्याला पावलं ठाऊक होती. आता कुणी म्हणेल की हे फुटकळ झालं, यातून इतिहास कळत नाही. बरोबर आहे, संस्थानांची आर्थिक धोरणं त्यातून कळत नाहीत. पण धोरणांसाठी चरित्र वाचतो कोण? त्याला गॅझेटिअर आहेत, आणि ती कुणी वाचत नाही तो भाग वेगळा. चरित्र आपण चोरून बघायला वाचतो. फक्त समोरचा दरवाजा ठोठावून आत गेलं की यजमान इस्त्रीचे कपडे घालून बसलेला मिळतो.

कलावंतांच्या बाबतीत तर हा नियम आणखी घट्ट बसतो, आणि इथंही जयपूर आडवं येतंच. ज्या घराण्याच्या नावात जयपूर आहे ते जयपूर-अत्रौली घराणं वाढलं कोल्हापुरात आणि मुंबईत, आणि गळ्यात उतरलं ते गोव्याच्या बायकांच्या. अल्लादियाखाँ 1855 साली जयपूरच्या बाजूच्या उणियाऱ्यात जन्मले, शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात आले, 1946 साली मुंबईत वारले. त्यांनी नातवाला सांगितलेल्या आठवणी उपलब्ध आहेत, आणि त्या वाचनीय आहेत. पण खाँसाहेबांचा सगळा जीव पूर्वजांत. घराण्याचा उगम, कुणाचा खापरपणजोबा कुणाला जुमानत नसे, कुठल्या दरबारात कुणाची कशी जिरली. स्वतःचा आवाज आमलेट्याला अखंड गाऊन गाऊन कायमचा बसला आणि त्यातून ती वळणदार गायकी घडवावी लागली, ही मराठी संगीताचं नशीब बदलणारी घटना ते शांतपणे सांगून पुढं जातात. त्यांची बैठक कशी असे, माणूस कसा होता, हे गोविंदराव टेंबे सांगतात, कारण ते पेटीवर बसलेले असत. टेंब्यांच्या 1939 च्या पुस्तकाचं नाव 'माझा संगीत व्यासंग'. त्यात 'माझा' नावापुरता, पानं सगळी भास्करबुवांनी, खाँसाहेबांनी आणि इतर गवयांनी बळकावलेली. साथीदारासारखा चरित्रकार नाही. तो मुख्य कलाकाराच्या हातभर अंतरावर असतो, चूक झाली की पहिल्यांदा त्याला कळते, आणि त्याला बोलायची परवानगी नसते. ती वीस वर्षांनी मिळाली की तो लिहितो. केसरबाई केरकरांनी आत्मचरित्र लिहिलं नाही. त्यांचा आवाज 1977 साली व्हॉयेजर यानातून सूर्यमालेबाहेर निघाला, पण त्यांचा स्वभाव कळायला 2007 साली नमिता देवीदयाळ यांनी धोंडूताई कुलकर्णींवर लिहिलेलं पुस्तक उघडावं लागतं. त्यात केसरबाई शिष्येच्या आठवणींतून येतात, कधी प्रेमानं, बऱ्याचदा दरारा घेऊन. स्वतः लिहिलं असतं तर दरारा नक्की आला असता. प्रेमाची खात्री नाही.

यावर शेवटचा आणि मला सगळ्यांत जास्त सतावणारा आक्षेप: प्रामाणिक आत्मचरित्रांचं काय? मराठीत ती आहेत, आणि चांगली आहेत. नाना फडणविसांनी पानिपतापर्यंतची हकीकत लिहून ठेवली, त्यात तारुण्यातली स्वतःची चळ कबूल केली, रणातून कसे पळालो आणि आई कशी दुरावली तेही लिहिलं. पुढं मराठी राज्याचं शहाणपण म्हणून जे ओळखले गेले त्यांचं स्वतःविषयीचं लेखन 1761 ला, वयाच्या विशीच्या आत, थांबतं. कर्तृत्व सुरू झालं तिथं लेखणी खाली. शहाणा माणूस. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'त तर लपवाछपवीचं नाव नाही. त्या पुस्तकावरून श्याम बेनेगलांनी 1977 साली 'भूमिका' काढला. पण हे दोन्ही दाखले माझ्याच बाजूला येतात असं मी म्हणतो. नाना त्या हकिकतीत नायक नाहीत, लाखभर माणसांच्या पळापळीतला एक पोरगा आहेत. हंसाबाई तर स्वतःच्या आयुष्यातही पाहुण्या म्हणूनच वावरल्या. कमाई त्यांची, निर्णय दुसऱ्यांचे. रमाबाई रानड्यांच्या 1910 च्या पुस्तकाचं तर गंमत म्हणून उदाहरण द्यावं. त्यांनी लिहायला घेतलं ते आपल्या पतीविषयी, न्यायमूर्ती रानड्यांविषयी. नावातसुद्धा 'आमच्या'. न्यायमूर्ती त्यात जागच्या जागी, पूज्य, स्थिर, किंचित दूर. आणि आपण ते थोर गृहस्थ सोडून बघत बसतो ती त्यांची बायको: इंग्रजी शिकते म्हणून घरातल्या बायकांचे टोमणे खाणारी, वर नवऱ्यासमोर धडा चुकू नये म्हणून घाबरणारी. पतीचं चरित्र लिहिता लिहिता तिचं होऊन गेलं, कारण त्या पुस्तकात ती स्वतःकडं बघत नव्हती. ठरवून स्वतःचं लिहिलं असतं तर त्या टोमण्यांच्या जागी 'घरात काही काळ गैरसमज होते' एवढंच उरलं असतं.

एवढं पटलं तरी या पद्धतीनं वाचणाऱ्या मराठी माणसापुढं एक व्यावहारिक अडचण उभी राहते. अमुक माणूस दुसऱ्यांच्या पुस्तकांत कुठं कुठं येतो हे शोधायचं तर पुस्तकाच्या शेवटी नावांची सूची लागते, आणि मराठी चरित्र-आत्मचरित्रांत ती सहसा नसते. सोळा पानं गुळगुळीत कागदावर फोटो असतात, त्यात मान्यवरांच्या हस्ते शाल स्वीकारतानाचे निम्मे. मिळालेल्या पुरस्कारांची यादी असते. प्रस्तावना, मनोगत आणि ऋणनिर्देश असतात, आणि ऋणनिर्देशात मुद्रकापासून सुनेपर्यंत सगळे असतात. सूची नाही. त्यामुळं नटाच्या आत्मचरित्रात दुसऱ्या नटाला शोधायला चारशे पानं दौरे, बिघडलेल्या गाड्या आणि हाऊसफुल्लचे बोर्ड तुडवत जावं लागतं. प्रकाशकांना सूचीचे दोन फॉर्म जड होतात असं म्हणतात, पण त्यांचा हिशेब मला त्याहून पक्का दिसतो. नामवंताचं आत्मचरित्र आलं की पहिल्या आवृत्तीचे निम्मे गिऱ्हाईक म्हणजे त्याच्या व्यवसायातली हयात मंडळी. त्यांना फक्त आपण त्यात आहोत का आणि कसे आहोत एवढंच बघायचं असतं. सूची दिली तर ती दुकानात उभ्या उभ्या नाव शोधतील, पान काढतील, वाचतील, 'खोटं आहे' म्हणून पुस्तक परत फळीवर ठेवतील आणि निघून जातील. सूची नसली की विकत घेणं भाग पडतं.